गिरणीमागचा खांब

हे घडलेलं आहे.

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. घालायचंच असतं तर शेवट तरी जरा बरा केला असता.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. टळटळीत ऊन, कामाचा दिवस, रस्त्यावर माणसं. जागा म्हणाल तर आमच्या शहराच्या अग्निशमन केंद्राखालच्या तळघरातली एक खोली.

घडलं ते माझ्या नणंदबाईंच्या बाबतीत. आमच्या वन्सं.

वन्सं खोटं बोलत नाहीत. फार सज्जन आहेत म्हणून नव्हे. त्यांना तेवढी कल्पनाशक्तीच नाही. स्वप्नंसुद्धा त्यांना कपड्यांच्या घड्या घातल्याची पडतात. म्हणूनच त्यांनी मला हे सगळं सांगितलं तेव्हा मी हसले नाही.

वन्संची नोकरी आवाजाची. पूर येवो, आग लागो, वायू गळो, आधी भोंगा वाजायचा आणि मागोमाग वन्संचा आवाज यायचा. "नागरिकांनी घरातच थांबावं. दारं-खिडक्या लावून घ्याव्यात. पुढची सूचना मिळेपर्यंत बाहेर पडू नये." अख्खं शहर मुकाट ऐकायचं. घरी त्यांचे यजमान मात्र त्यांनी सांगून एकदाही पंखा बंद करून उठले नाहीत, ते जाऊ दे.

तर शहराने नवी यंत्रणा आणली. जुने भोंगे उतरवले आणि जागोजागी उंच खांब उभे केले. प्रत्येक खांबावर एक कर्णा, आणि कर्ण्याखाली एक छोटासा कान. यंत्रणा बसवणारा तरुण इंजिनियर त्याला कानच म्हणायचा. इशारा तिथे नीट वाजला की नाही, हे तो कान ऐकायचा, आणि तळघरातल्या भिंतीवर त्या खांबाचा दिवा लागायचा. हिरवा म्हणजे स्वच्छ वाजला. लाल म्हणजे वाजलाच नाही. पिवळा म्हणजे वाजला, पण तिथे दुसराही कसला तरी आवाज चालू आहे.

आणि नियम असा, की सगळे दिवे हिरवे झाल्याशिवाय 'धोका संपला' हे जाहीरच करता येणार नाही. बटणच दबणार नाही.

हा नियम उगाच केलेला नव्हता.

वन्सं नोकरीला लागण्याच्या पुष्कळ आधी, एकदा बर्फाच्या कारखान्यातून वायू गळला होता. भोंगे वाजले. घरात थांबा, कड्या लावा, फटींत ओली फडकी घाला. लोकांनी तसं केलं. संध्याकाळी धोका टळला, तसं जाहीर झालं, लोक बाहेर आले.

गिरणीमागची गल्ली सोडून.

तिथला भोंगा दुसऱ्यांदा वाजलाच नाही. वायू गटारांतून वर त्यांच्याच घरांत चढत होता, आणि माणसं आतून कड्या लावून बसली होती. पळायला वेळ होता म्हणतात. दार उघडायचा तेवढा अवकाश होता. पण थांबा म्हणून सांगितलेलं होतं.

थांबली.

पुढे ती घरं पाडली. मोकळी जागा उरली, भोवती तारेचं कुंपण आलं. नव्या यंत्रणेत मात्र तिथेही खांब उभा राहिला.

"नकाशात गल्ली आहे बाई, म्हणजे खांब हवाच," इंजिनियर म्हणाला.

"अरे, पण ऐकणार कोण तिथे?"

"कुत्री," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

पोरगा वाईट नव्हता. कित्येक महिने धड जेवला-झोपला नव्हता. नखं कुरतडून कुरतडून बोटं लाल झालेली. खोलीच्या दाराचं तर त्याला कोण कौतुक! जाड पोलादी दार. 'घरात थांबा'चा इशारा दिला की आपोआप बंद, 'धोका संपला' म्हटलं की आपोआप उघडं.

"ह्यातून मुंगीसुद्धा आत येणार नाही, बाई."

"आणि मला मध्येच बाहेर जायचं झालं तर?"

"बाहेर वायू असताना जाणार कुठे?"

"सरावाच्या दिवशी बाहेर वायू कुठला? तूच असणार बाहेर!"

तो हसला. दाराला आतून कडी नव्हती. वन्संनी तेव्हाच पाहिलं होतं. पण नवीन वस्तूला नावं ठेवली की माणूस म्हातारा ठरतो, म्हणून त्या गप्प बसल्या.

नव्या यंत्रणेच्या पहिल्या सरावाचा दिवस उजाडला.

वर केंद्राच्या अंगणात मांडव, खुर्च्या, पाहुणे. साहेब नव्या बुटांत. इंजिनियर त्यांच्यामागे वायर सावरत. खाली खोलीत खरं तर दोघींनी बसायचं होतं, पण दुसऱ्या निवेदिकेचा नेमका त्याच दिवशी घसा बसला. आवाजाच्या नोकरीत यापलीकडे सबब लागत नाही.

वन्सं एकट्या होत्या.

त्यांनी हेडफोन चढवला, बटण दाबलं, आणि नेहमीच्या सुरात वाचलं. हा सराव आहे. वायुगळतीचा इशारा. घरातच थांबावं. पुढची सूचना मिळेपर्यंत बाहेर पडू नये.

मागे दार सरकलं.

मोठ्या जनावराने सावकाश जबडा मिटावा, तसा आवाज झाला. हवा येण्याच्या जाळ्याही आपोआप मिटल्या. वायूच्या इशाऱ्यात तसंच व्हायचं असतं. बाहेरची हवा बंद, आणि मग गाळलेली हवा देणारा पंखा सुरू.

पंखा सुरू झाला नाही.

वन्संचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या भिंतीवरचे दिवे बघत होत्या. एकेक हिरवा लागत गेला. बाजार. नदीकाठ. दवाखाना. शाळा. डोळ्यांना बरं वाटत होतं.

शेवटचा एक राहिला.

तो लागला…

पिवळा.

खाली लिहिलं होतं, गिरणीमागे.

कुत्री भुंकत असतील, वन्संना वाटलं. पिवळा लागला तर काय करायचं ते ठरलेलं होतं. गोंगाट संपायची वाट बघायची आणि त्या खांबाला इशारा पुन्हा द्यायचा. त्या थांबल्या. पुन्हा दिला. पिवळाच. पुन्हा दिला.

पिवळाच.

कपाळावर घाम आला होता. तेव्हा कुठे त्यांना जाणवलं, खोलीत हवा हलत नाहीये.

आणि तेव्हाच हेडफोनमध्ये…

काहीतरी घासलं.

फडकं पिळून फरशीवर ढकलावं ना, दाराखालच्या फटीत बोटांनी कोंबावं, तसं. मग एक भांडं सरकलं. मग कुणीतरी कुणालातरी अगदी हळू म्हणालं, "गप. ऐकू दे. बाई बोलताहेत."

वन्संनी हेडफोन काढला. बघितला. परत घातला.

"बाई," एक बाईमाणूस बोललं. अगदी जवळून. "केलं हो सगळं. कड्या लावल्या, फडकी घातली. आता अजून किती वेळ?"

वन्संनी इंटरकॉम उचलला.

"अरे, गिरणीमागे कुणी माणसं बसवलीत का रे तुम्ही सरावासाठी?"

"नाही, बाई. का?"

"मला ऐकू येताहेत. त्या खांबाच्या कानातून."

तिकडे वर कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"बाई…" इंजिनियर म्हणाला. "त्या कानातून आवाज येतच नाही. तशी सोयच केलेली नाही. तो फक्त हिरवा, पिवळा, लाल एवढंच कळवतो."

"मग मी काय ऐकतेय?"

त्याने दुसरंच विचारलं. "बाई, आत पंखा चालू आहे ना?"

"नाही."

आता त्याचा आवाज बदलला. वन्संनी आयुष्यभर दुसऱ्यांना धीर देणारा आवाज लावला होता. त्यामुळे कुणी मुद्दाम तसा आवाज लावला की त्यांना लगेच कळायचं. इंजिनियर तोच आवाज लावून म्हणाला, "काही काळजी करू नका. आहात तिथेच थांबा. मी येतो खाली."

आहात तिथेच थांबा.



दार बाहेरून उघडेना. वीज तोडावी तर दार कायमचं अडकणार, ते बनवलंच तसं होतं. कापायचं यंत्र आणायला गाडी गेली, पण पोलाद जाड, वेळ लागणार. आत यंत्रांची धग वाढत होती. वन्संना आधीच दम्याचा त्रास. त्यांनी ब्लाउजचं वरचं बटण काढलं, चपला काढल्या, आणि गार लागते म्हणून भिंतीला पाठ लावून फरशीवर बसल्या. हेडफोनची वायर तिथपर्यंत पुरत होती.

काढावासा वाटत होता. पण काढला की त्याहून भीती वाटायची.

"बाई, आमच्या सासूबाईंना श्वास लागलाय," मघाची ती बाई म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. शेजारणीला सांगावं तसं सांगत होती. "खिडकी इतकीशी उघडू का? तुम्ही नाही म्हणाल तर नाही उघडत."

मागून कुणी पुरुष वैतागला. "अगं, त्यांना कामं असतील. सारखं काय विचारतेस?"

"तुम्ही बसा हो गप. तुम्हाला काय, दारं लावली की झोप लागते."

कुणीतरी हसलं. त्या हसण्यातच खोकला आला, आणि तो थांबेना.

वन्संना स्वतःलाही खोकला आला.

इंटरकॉम वाजला. इंजिनियर दाराच्या पलीकडेच होता, हातभर अंतरावर, पण आवाज वायरीतूनच यायचा. तो कुजबुजत होता.

"बाई, नीट ऐका. मी एक चोरवाट ठेवलीय. साहेबांना माहीत नाही. गिरणीमागच्या दिव्याखालची कळ फिरवा. तो खांब वगळला जाईल. मग बाकी सगळं हिरवंच आहे. 'धोका संपला'चं बटण दबेल, दार उघडेल."

"वगळला म्हणजे?"

"म्हणजे तिथे काही जाणार नाही. बाकी सगळीकडे जाईल. तिथे आहे कोण, बाई? कुणीच नाही. फिरवा."

वन्सं भिंतीला धरून उठल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. त्यांनी कळीवर बोट ठेवलं.

कळ लहानशीच होती. गॅसच्या बटणाएवढी.

हेडफोनमध्ये सगळे एकदम गप्प झाले. त्यांना दिसत होतं की काय, कोण जाणे. मग ती बाई म्हणाली, अगदी अदबीने…

"बाई, आम्हाला सांगायला विसरणार नाही ना?"

मी वन्संना विचारलं होतं, तुम्ही तेव्हा काय विचार केलात? त्या म्हणाल्या, विचार करायला हवा लागते, वहिनी. ती नव्हती.

"फिरवलीत का?" इंजिनियर ओरडत होता. "बाई! फिरवा!"

वन्संनी कळ सोडली. बाजूला एकेका खांबापुरतं बोलायचा माईक होता, तो ओढला. 'धोका संपला' हे शब्द वरून हुकूम आल्याशिवाय निवेदिकेने उच्चारायचे नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही ते मोडलं नव्हतं. आजही ते शब्द तोंडातून निघेनात. मग त्या घरच्यासारखं बोलल्या.

"उघडा हो दारं. खूप थांबलात. या सगळे बाहेर. म्हातारीला धरून आणा. पुढचं मी सांगते."

काहीच नाही.

खूप वेळ काहीच नाही.

मग…

एक कडी निघाली.

मग दुसरी. मग शेजारची. मग एकामागून एक, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गंजलेल्या, घट्ट बसलेल्या कड्या. मग अनवाणी पावलं. कुणाला तरी आधार देत हळूहळू चालणारी. घाई कुणालाच नव्हती. ती खांबाखालून गेली, आणि लांब गेली.

दिवा हिरवा झाला.

वन्संनी दोन्ही तळव्यांनी बटण दाबलं आणि तिथेच कोसळल्या.

शुद्ध आली तेव्हा त्या जिन्याच्या पायरीवर होत्या आणि इंजिनियर त्यांचे हात चोळत रडत होता. शेजारी कापायचं यंत्र घेतलेला जवान. दार न कापताच उघडलं होतं.

"वगळलात ना शेवटी?" तो पुन्हापुन्हा विचारत होता. "वगळलात म्हणूनच उघडलं. हो ना, बाई?"

वन्सं जिन्याकडे बघत होत्या. जिन्यात ही तीनच माणसं होती.

श्वास मात्र पुष्कळ जणांचा ऐकू येत होता.

सराव यशस्वी झाला. वर साहेबांनी तसं भाषणही केलं. पंखा दुरुस्त झाला, दाराला आतून कडी बसली. इंजिनियरने स्वतः उभं राहून बसवून घेतली. यंत्रणा आजही उत्तम चालते. गिरणीमागचा दिवा कधी पिवळा लागत नाही.

वन्संनी मात्र नोकरी सोडली.

त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या, तीही दुपारच. आमचे हे कामावर गेले होते. वन्सं दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि हे सगळं त्यांनी मला कुजबुजत सांगितलं. ज्यांचा आवाज सबंध शहराने ऐकला, त्या माझ्या दिवाणखान्यात कुजबुजत होत्या.

"मोठ्याने बोला ना," मी म्हटलं. "घरचं कुणी नाही."

"घरचं नाही," त्या म्हणाल्या. "परवा बाजारात एका बाईंच्या अंगावर गाडी येत होती. मी ओरडले, थांबा! त्या थांबल्या. वाचल्या. पण माझ्या मागे…"

"मागे काय?"

"पावलं थांबली. सगळी एकदम."

मी काहीतरी करायचं म्हणून पाणी आणायला उठले. त्यांनी माझा हात धरला. हात गार होता.

"ती माझ्यामागून चालतात, वहिनी. त्रास काही नाही हो. साधी माणसं आहेत. पुढचं सांगते म्हणाले ना मी. त्याची वाट बघतात."

"मग सांगून टाका! जा म्हणावं आता."

"कुठे जा?"

मी परत खाली टेकले.

"अर्धी सूचना देत नाहीत," वन्सं म्हणाल्या. इतक्या भीतीतसुद्धा त्या कामाचं बोलत होत्या. "बाहेर पडा म्हणायचं, तर कुठे जायचं तेही सांगावं लागतं. मला वाटलं, दार उघडलं की सुटतील. पण घरं पाडली ना त्यांची. मी कुठे धाडू? नुसतं जा म्हटलं तर जातीलही. कुठे जातील ते मला माहीत नको?"

मग म्हणाल्या, "लेकीचे दिवस भरत आलेत. रोज फोन करते, आई कधी निघतेस. कशी निघू? तिचं गाव लांब. मी गाडीत बसेन, आणि ती चालत येतील. म्हातारी आहे त्यांच्यात."

मी पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

उन्हं कलायच्या आत त्या निघाल्या. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, म्हणजे मी 'या हं परत' वगैरे म्हणू नये. नुसता हात हलवला आणि पायऱ्या उतरल्या.

मी दार धरून उभी होते. गल्लीत उन्हाशिवाय काही नव्हतं. वन्संच्या चपला वाजत गेल्या.

आणि त्यांच्यामागे…

मी खोटं सांगत नाही. माझ्या दारासमोरून, सावकाश, पुष्कळ अनवाणी पावलं गेली. मी श्वास रोखून उभी राहिले, सगळी जाईपर्यंत. कोपऱ्यावर आवाज विरला. मग मी आत आले, दार लावलं, आणि खुर्चीत बसणार…

तोच दारामागे, आतल्याच बाजूला, कुणीतरी दमलेला, लांब श्वास घेतला.

वन्संनी निघताना तोंडातून शब्द काढला नव्हता ना. दिवाणखान्यात पुढे बसलेल्यांना त्या उठलेल्या दिसल्या असतील. मागे भिंतीला टेकून ज्याचा डोळा लागला होता, त्याला कुणी उठवलं नाही.

वन्संना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांच्यामागे काय कमी आहेत?

दार मी आता दिवसभर सताड उघडं ठेवते. आमचे हे विचारतात, डास येतात, दार का उघडं? मी म्हणते, हवा येऊ दे. तो श्वास तिथेच असतो. दुपारी जास्त ऐकू येतो. मी त्या बाजूला तोंड करून काहीच बोलत नाही. घरात इतरांशीही जपून बोलते. माझं तो ऐकेल की नाही, मला माहीत नाही.

आणि ऐकणार असेल, तर त्याला काय सांगायचं, हेही नाही.